सारस, डावीकडं, दोन

उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवायला सुरुवात केली की समजायचं, पाहुणे आले. न्हावऱ्याहून चौफुल्यावरून दौंडला जाणारी एसटी त्या ट्रॉल्यांच्या मागे अशी काही रेंगाळते की वरवंड यायच्या आत माणसाचं निम्मं आयुष्य आठवून होतं. पुढे ऊस हेलकावतोय, ड्रायव्हर हॉर्न बडवतोय, खिडकीतून पाचटाचा आणि डिझेलचा वास आत येतोय, आणि मी मांडीवर पिशवी सांभाळून बसलेली. पिशवीत दुर्बीण असते. शेजारच्या बाईला वाटतं डबा आहे. एकीनं मागे विचारलंही होतं, "बाई, डबा कुनाला निघालाय? दवाखान्यात हाय का कोन?" मी म्हटलं, "न्हाई हो, पाखरं बघायला चाललेय." त्यानंतर पाटस येईपर्यंत ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.

पाहुणे म्हणजे पाखरंच. उत्तरेत थंडी वाढली की ती खाली सरकतात आणि त्यातली कितीतरी उजनीच्या फुगवट्यावर येऊन थांबतात. धरण तिकडे लांब सोलापूरच्या बाजूला, पण त्याचं मागे तटलेलं पाणी पसरत पसरत आमच्या दौंड तालुक्यातल्या शेतांपर्यंत आलेलं आहे. राजेगावच्या बाजूला उतरायचं, उसातल्या पायवाटेनं थोडं चालायचं, की एकदम समोर पाणीच. काठच्या चिखलात लांब लाल पायांचे शेकाटे, चपट्या चोचीनं पाणी ढवळणारे चमचे, भगव्या अंगाचे चक्रवाक. आणि आत उथळ पाण्यात, आपलं नशीब असलं तर, रोहित. पेपरवाले त्यांना फ्लेमिंगो म्हणतात आणि त्यांच्यासाठी आता पुण्याहून गाड्या येतात.

पूर्वी तिथे चिटपाखरू नसायचं असं म्हणायची सोय नाही, कारण पाखरंच असायची, माणूस नसायचा. आता सुटीच्या दिवशी होड्यांना उसंत नसते. होडीतली पोरं हातभर लांब लेन्स लावून बसतात, कचाकच फोटो काढतात आणि लगेच मान खाली घालून कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काचेत बघतात. पक्षी अजून समोर उभा असतो आणि ही सगळी मंडळी खाली बघत असतात. मला हसू येतं. खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटतो. आपण बघितलं ते खरोखर तिथे होतं, असं त्यांना लगेच कुणीतरी सांगतं. मी बापडी काठावर एकटी उभी राहून, समोरच्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणते, "शेकाटे, चिखलात, बरेच." आणि थांबते. मागून कुणी काही म्हणत नाही. तरी थांबायची सवय जात नाही.

ही सवय रेल्वेची. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, दौंडला मालगाडीचे ड्रायव्हर होते. इंजिनात दोन माणसं असतात, ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट. पुढचा सिग्नल ज्याला आधी दिसेल त्यानं तो मोठ्यानं म्हणायचा, आणि दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघून मागून म्हणायचा. "होम, हिरवा." "होम, हिरवा." होम म्हणजे स्टेशनाच्या तोंडाशी असलेला सिग्नल. इंजिनाच्या धडधडाटात, घसा ताणून म्हणायचं. एकट्यानं बघितलेला सिग्नल तो सिग्नलच नव्हे, असा त्यांचा कायदा. माणसाचा डोळा झोपेनं चुकतो, घाईनं चुकतो, पण दोघांचे डोळे एकदम चुकणार नाहीत, एवढ्या विश्वासावर हजारो टन माल इकडून तिकडे जात असतो.

आप्पांनी तो कायदा पाखरांनाही लावला, आणि वर आपली एक अट घातली. मागून म्हणणाऱ्यानं नुसतं म्हणायचं नाही, एक गोष्ट आपल्या पदरची घालायची. "नुस्तं मागनं बोलायला पोपट बी बोलतो," ते म्हणायचे, "तू बगितलं ते कशावरनं?" म्हणजे मी "खंड्या, तारेवर" म्हटलं की त्यांनी "खंड्या, तारेवर, तोंडात मासा" म्हणायचं. लहानपणी याची फार गंमत वाटायची. मोठी झाल्यावर लाज वाटायला लागली. भर बाजारात, भाजीची पिशवी हातात, आप्पा आकाशाकडे बघून ओरडायचे, "घार, टपाल हापिसावर," आणि मी चपलांकडे बघत पुटपुटायची, "घार, टपाल ऑफिसवर, शेपटीचं एक पीस गेलंय." ते पीस मी खरंच बघितलेलं असायचं. खोटं घालायची हिंमत नव्हती.

क्वार्टरमध्ये बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याच्या खालच्या खिळ्याला दुर्बीण टांगलेली असायची. आईला ती जागा पसंत नव्हती. आप्पा म्हणायचे, "लांबचं बगायलाच शिकिवलं की त्यांनी." आई मात्र पुसताना फोटो आधी पुसायची आणि दुर्बीण नंतर, आणि नंतरची बरेचदा राहूनच जायची.

ज्या हिवाळ्याविषयी मी सांगतेय त्या हिवाळ्यात आप्पांचं मेडिकल यायचं होतं.

रेल्वेत ड्रायव्हरचे डोळे त्याचे स्वतःचे नसतात, सरकारचे असतात. ठरलेल्या काळानं ते सरकारला दाखवावे लागतात. लांबचं दिसतं का, रंग ओळखू येतात का, कडेचं दिसतं का. पास झाला तर पुन्हा इंजिनावर. नापास झाला तर इंजिन कायमचं गेलं, कुठेतरी टेबलामागे खुर्ची. त्याला आमच्याकडे 'डिकॅट होणं' म्हणतात, आणि क्वार्टरमधल्या बायका हा शब्द आजाराच्या नावासारखा हळू आवाजात बोलायच्या. आई त्या वर्षी रोज गाजरं आणत होती. आप्पा गाजरं खात होते आणि हसत होते. पण दाराच्या डाव्या चौकटीला त्यांचा खांदा लागायला लागला होता. एकदा, दोनदा, पुन्हा. "दारं अरुंद करून ठिवली सरकारनं," असं ते म्हणायचे. आम्हीही हसायचो.

मी तेव्हा डी.एड. होऊन घरी बसले होते, नेमणुकीची वाट बघत. सकाळी उठून पेपर बघायचा, दुपारी आईबरोबर निवडणं-टिपणं, संध्याकाळी पुलाकडे फिरायला जायचं. मैत्रिणी लग्न होऊन गेलेल्या. त्यामुळे पास निघाला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. रेल्वेच्या माणसाला वर्षाला ठरावीक पास मिळतात, घरच्यांसकट कुठेही जायला. आमच्या घरी त्याची वाटणी ठरलेली होती. आईचा पास नागपूरचा, दीक्षाभूमीचा. आणि हिवाळ्यातला पास आप्पांचा आणि माझा, भरतपूरचा. शेजारचे लोक पासावर कुठे कुठे देवदर्शनाला जायचे. आम्ही राजस्थानात बगळे बघायला जातो हे ऐकून ते आईकडे सहानुभूतीनं बघायचे.

दौंडला जम्मूची गाडी पकडायची, मथुरेला उतरायचं, तिथून बसनं भरतपूर. आई भाकऱ्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची आणि परत येताना तेच डबे आम्ही रिकामे आणले की खूश व्हायची. माझ्याकडे रशियन बनावटीचा एक जुना कॅमेरा होता, पुण्याच्या जुन्या बाजारातून आप्पांनीच आणलेला, विटेएवढा जड. रोल जपून वापरायचा. फोटो धुऊन आले की त्यात आकाश असायचं, पाणी असायचं आणि मधे कुठेतरी एक ठिपका. आप्पा तो ठिपका बोटानं दाखवून पाहुण्यांना छातीठोकपणे नाव सांगायचे. पाहुणे चहा संपवून लवकर उठायचे.

आता वाटतं, त्या ठिपक्यांचे फोटो काढण्यात काय सुख होतं. पण होतं. आप्पांच्या शेजारी उभं राहून काढलेला प्रत्येक ठिपका मला अजून ओळखता येतो. नंतर चांगला कॅमेरा घेतला, पंखाच्या काडीन् काडी दिसेल असे फोटो काढले, दोन-चार जणांनी कौतुकही केलं. ते फोटो कुठल्या वर्षीचे हेसुद्धा मला आठवत नाही.

भरतपूरच्या त्या अभयारण्यात पाण्यामधून एक सरळ रस्ता जातो. दोन्ही बाजूंना बाभळी, बाभळींच्या पलीकडे उथळ पाणी. सायकलरिक्षा करून आत जायचं. आमचा रिक्षावाला म्हातारा सरदारजी होता, आणि रोजच्या सवयीनं त्यानं हात लांब करून सांगायला सुरुवात केली, "साब, उधर देखिए, पेड़ के ऊपर." आप्पांनी त्याला आपल्या रेल्वेच्या हिंदीत थांबवलं. "सरदारजी, आप चलाने का काम करो. देखने का काम हम दोनों का है." तो दाढीत हसला आणि गप्प बसला. त्या दिवशी धुकं फार होतं. रिक्षाचं पुढचं चाक दिसत होतं आणि त्याच्यापुढे सगळं दूध. पाण्यावरून बदकांचा आवाज येत होता, कुठेतरी पाणी फडफडत होतं. अंगात दोन स्वेटर असून दात वाजत होते.

आम्हाला बघायचा होता सारस. बाकीची पाखरं थोडीफार आपल्या फुगवट्यावरही येतात, सारस आपल्या भागात नाही. माणसाएवढा उंच, राखाडी, डोकं लाल. जोडीनं राहतो आणि जोडीनं ओरडतो. एकानं साद घातली की दुसरा लगेच मागून देतो. आप्पांना याचं फार अप्रूप. "ह्यांच्यात बी नियम हाय बग," असं ते दर वर्षी म्हणायचे, जणू सारसांनी तो रेल्वेकडून घेतलाय.

रिक्षा उभी करून आम्ही बांधावर उतरलो. मी डावीकडे बघत होते. धुक्यात दोन उंच राखाडी आकार दिसले.

"सारस," मी म्हटलं. "डावीकडं, दोन."

आप्पांची दुर्बीण वर गेली. "सारस, डावीकडं, दोन," ते लगेच म्हणाले. आणि नेमानं आपल्या पदरचं घातलं, "एकाची मान खाली हाय. चरतंय."

मी एक फोटो काढला. दुसरा काढायला थांबले, कारण ते हलेनात. मग थोडा वारा सुटला, धुकं सरकलं आणि पाण्यात दोन वाळकी खोडं दिसली. पाणकावळ्यांनी बसून बसून पांढुरकी केलेली. दोन्ही सरळसोट, मान म्हणावी असं कशालाच काही नव्हतं.

मला हसू आलं. "आप्पा, खोडं हायत ती. मी बाभळीलाच सारस म्हनाले." हसता हसताच माझ्या लक्षात आलं की मी एकटी चुकलेली नाही. मग मला पुढे हसता येईना.

आप्पांनी दुर्बीण खाली घेतली, स्वेटरच्या बाहीनं पुसली, पुन्हा लावली. बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मान खाली हाय, म्हनालो ना मी?"

"धुकं हाय आप्पा. मला बी तसंच वाटलं."

"तुला सारस वाटलं. मान खाली हाय, ते तू न्हाई म्हनालीस. ते माझं हाय."

मी म्हटलं की सोडून द्या, चहा पिऊ. ते बांधावरच खाली बसले. सरदारजी लांबून बघत होता, त्यालाही काहीतरी समजलं असावं, तो जवळ आला नाही.

"मला खरंच दिसलं, पोरी," आप्पा म्हणाले. "तू सारस म्हनालीस आन् मला सारस दिसलं. चरताना दिसलं. मी खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं. खोटं बोलनाऱ्याला निदान म्हाईत असतंय." मग म्हणाले, "गाडीवर बी असंच व्हत असंल का?"

माझ्या डोळ्यांसमोर इंजिन आलं. असिस्टंट म्हणतोय हिरवा, आप्पा मागून म्हणतायत हिरवा, आणि गाडी चाललीय.

दुपारी ऊन पडलं तेव्हा खरे सारस दिसले. अगदी रस्त्यालगत, दोन मोठे आणि एक तांबूस मानेचं पिल्लू. दोघांनी माना वर करून साद घातली, आधी एकानं, मग दुसऱ्यानं. वर्षभर ज्याची वाट बघितली ते समोर होतं. मी काही म्हटलं नाही. आप्पांनीही म्हटलं नाही. सरदारजीनं मात्र न राहवून "साब, सारस," असं सांगून टाकलं, आणि त्या दिवशी आप्पांनी त्याला अडवलं नाही.

परतीच्या गाडीत आप्पा डब्याच्या दारात उभे राहिले. मला म्हणाले, "हितं ये. वळनावर फुडचा सिग्नल दिसतोय. मी म्हनतो. तू बोलू नगं, नुस्तं चूक का बरोबर सांग." मी त्यांच्या मागून डोकं बाहेर काढून उभी राहिले. थंड वारा तोंडावर. गव्हाची हिरवी शेतं, मोहरीची पिवळी, विहिरी, म्हशी, सगळं पळत होतं. आप्पांनी पहिला म्हटला, बरोबर होता. दुसरा म्हटला, बरोबर. माझा जीव भांड्यात पडायला लागला. तिसऱ्यालाही बरोबर म्हणायला मिळालं. मग एक लांब वळण आलं. डाव्या अंगाला सिग्नल उभा होता, मला लांबूनच दिसला. आप्पा पुढे बघत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. सिग्नल जवळ आला, दारावरून सपकन् मागे गेला.

"वळनावर एक असायला पायजे," आप्पा म्हणाले. "गेला का?"

"गेला," मी म्हटलं.

आयुष्यात मी पुष्कळ वाईट बातम्या दिल्या आहेत, शाळेत बाई असलं की द्याव्याच लागतात. त्या एका शब्दाइतकं जड मला पुन्हा काही बोलावं लागलं नाही. मला वाटत होतं, खोटं बोलावं. सिग्नल अजून यायचाय म्हणावं. पण आप्पांनीच मला तसं वाढवलं नव्हतं.

दौंडला उतरलो तर ते घराकडे वळलेच नाहीत. खांद्यावर पिशवी तशीच, अंगाला प्रवासाची धूळ, सरळ लॉबीकडे गेले, म्हणजे ड्रायव्हर लोक ड्युटीवर येता-जाता सही करतात त्या ऑफिसात. मी बाहेर बाकावर बसून राहिले. समोरून एक मालगाडी निघून गेली, रिकाम्या वाघिणींचा लांबलचक खडखडाट. आप्पा बाहेर आले आणि म्हणाले, "चल. सांगितलं. मेडिकल होईतवर गाडी नगं म्हनलं."

आई आठवडाभर आमच्याशी धड बोलली नाही. एकदा भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "मेडिकलला अवकाश व्हता. तवर गप बसला असता तर काय बिघडलं असतं?"

"तेच म्हाईत न्हाई ना," आप्पा म्हणाले.

लोक येऊन बोलून गेले. काहींना ते खुळेपण वाटलं. कुणी चालत्या गाडीतून स्वतःहून उतरतं का. आप्पांचे असिस्टंट शेखभाई घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "आप्पा, इतकी वर्षं तुमच्या बाजूला उभा हाय. तुम्ही कवाच चुकला न्हाई. मी कुठंबी येऊन सांगतो." आप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तू सांगशील रे. पन तू म्हनायच्या आधी मी सिग्नल कवा म्हनालो, तेवढं आठवून सांग." शेखभाई आठवत राहिले. त्यांचा चहा गार झाला. जाताना ते आईला नुसता हात जोडून गेले.

काचबिंदू निघाला. मोतीबिंदूसारखा हा काढता येत नाही. कडेचं दिसणं आधी जातं, मग आत आत सरकतं, आणि गेलेलं परत येत नाही. उरलंय ते थेंब घालून राखायचं. डॉक्टरांनी आप्पांना विचारलं म्हणे, इतके दिवस कळलं कसं नाही? आप्पा म्हणाले, "घरात एक दिसनारं होतं, गाडीवर एक दिसनारं होतं." आप्पा डिकॅट झाले. लॉबीतच त्यांना खुर्ची मिळाली. दुसऱ्यांच्या सह्या घ्यायच्या, दुसऱ्यांना दिवे आणि झेंडे द्यायचे, शुभेच्छा द्यायच्या. त्यांची लाईनवर न्यायची पत्र्याची पेटी पलंगाखाली गेली आणि आईनं तीत गोधड्या भरल्या.

भरतपूरचा रोल धुऊन आला तेव्हा आईनंच पाकीट उघडलं. धुकं, धुकं, एक बदक, आणि मग ती दोन खोडं. आमच्या फोटोंत पहिल्यांदाच काहीतरी ठळक, मोठं आलेलं बघून तिला बरं वाटलं. "ह्येच का तुमचं सारस?" तिनं विचारलं. "उंच हायत की." आप्पा खिडकीपाशी बसले होते. मी म्हटलं, "व्हय, उंच असत्यात." आणि फोटो पाकिटात घातले.

पुढे मला नेमणूक मिळाली, शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याला. सुटीला घरी जायची. आप्पांना दर वेळी थोडं थोडं कमी दिसायचं. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली, आई त्यांच्याआधीच गेली. लग्नाचं माझं जमलं नाही, म्हणजे मीही फार जमवलं नाही. एकटेपणाची सवय होते असं लोक म्हणतात. कामाची होते, घराची होते, एका माणसाच्या स्वयंपाकाचीही होते. पण एखादं सुंदर काही दिसलं आणि शेजारी सांगायला कुणी नसलं की त्याची नाही होत. उलट मला तर वाटतं, पाखरं बघण्याचा छंद एकट्या माणसानं लावून घेऊच नये. रोज नव्यानं लक्षात येतं की आपण एकटे आहोत.

भरतपूरच्या त्या हिवाळ्याच्या शेवटी, उन्हं तापायला लागली होती आणि पाखरं परतायच्या बेतात होती, तेव्हा मी आप्पांना राजेगावच्या बाजूला घेऊन गेले. खुर्चीची नोकरी लागल्यापासून त्यांना पहिल्यांदाच रविवार मिळायला लागला होता. इंजिनावर असताना त्यांना कधी रविवार माहीत नव्हता आणि आता त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. ऊस तुटून गेला होता, रानं मोकळी झाली होती. मी त्यांचा हात धरला नाही, त्यांना ते आवडलं नसतं. दोन पावलं पुढे चालत राहिले आणि खड्डा आला की मोठ्यानं बोलायची, जणू सहजच.

काठावर आलो. पाणी बरंच मागे हटलं होतं. आणि पलीकडे, उथळात, रोहित होते. मी इतके एकदम कधी बघितले नव्हते. पाण्याची ती सगळी कड गुलाबी झाली होती. माना खाली, पाय काड्यांसारखे, मधेच कुणीतरी पंख उघडायचा आणि आतला लाल रंग झळकायचा. मला रडू येईल असं वाटलं. भरतपूरपासून आम्ही दोघांनी एकही पाखरू मोठ्यानं म्हटलं नव्हतं. मी छातीत श्वास भरून घेतला.

"रोहित," मी म्हटलं. "समोर, पानी संपतंय तिथं. लई हायत, आप्पा."

आप्पांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. नीट बसवली, काचा फिरवल्या, डावीकडून उजवीकडे सावकाश नेली, पुन्हा परत आणली. पलीकडून पाखरांचा कलकलाट स्पष्ट ऐकू येत होता. नुसत्या कानांनीही आप्पांना ती ओळखता आली असती. मी त्यांच्या ओठांकडे बघत उभी होते. मला एक शब्द हवा होता. पदरचं काही घातलं नसतं तरी चाललं असतं. खोटाही चालला असता.

आप्पांनी दुर्बीण काढून माझ्या हातात दिली.

"आसंल," ते म्हणाले.